जीवशास्त्राच्या वर्गांतील परीक्षानळी

गुडघा फुटून घरीं आलेल्या मुलाच्या जखमेला टिंक्चर आयोडीन लावीत असतां त्याचा एखादा थेंब चुकून ताटांतल्या भातावर पडला, तर भाताचें तें शीत पाहतां पाहतां काळेंनिळें होतें. गृहिणी दचकते, भात टाकून देते आणि ताट दोनदां धुते. जखम झालेला मुलगाही तिच्याबरोबरच दचकतो. तो नववींत शिकत असतो. ‘आयोडीनच्या योगानें पिष्टाला निळा रंग येतो’ हें वाक्य त्याच्या पुस्तकांत आहे, त्याखालीं त्यानें तांबड्या पेन्सिलीनें रेघ ओढली आहे आणि चांचणी परीक्षेंत तें लिहून एक गुणही मिळविला आहे. परंतु तेंच वाक्य ताटांत प्रत्यक्ष घडलेलें पाहून त्याला त्याची ओळख पटत नाहीं. वाक्य पुस्तकांत राहिलें आणि भात ताटांत राहिला. दोहोंची गांठ कोणी घालून दिली नाहीं.

ही गांठ घालण्याचें काम शाळेंत कोणी करावयाचें, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाहीं. रसायनाच्या तासाला आयोडीन येतें तें मूलद्रव्यांच्या कोष्टकांतला एक रहिवासी म्हणून. जीवशास्त्राच्या तासाला पिष्ट येतें तें अन्नघटकांच्या यादींत. दोन्ही तासांच्या मध्यें घंटा वाजते आणि मुलें वही बदलतात. शरीरांत मात्र अशी घंटा कधीं वाजत नाहीं. घास तोंडांत गेल्यापासून तो बोटाच्या हालचालींत खर्ची पडेपर्यंत जें कांहीं घडतें, तें सगळें रसायनच असतें. आणि ज्याला त्याचा गंध नाहीं त्याच्या दृष्टीनें पचन, श्वसन, हरितद्रव्य, रक्त हीं निव्वळ पाठ करावयाचीं नांवें होऊन बसतात. म्हणून ज्या शिक्षकांनीं जीवशास्त्राच्या वर्गांतच परीक्षानळ्या आणून मूलभूत रसायनाचे धडे मुलांच्या हातून गिरविले, त्यांनीं कांहीं विषयांतर केलें असें मानण्याचें कारण नाहीं.

या विषयाला एक जुना इतिहासही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत कित्येक थोर रसायनज्ञांची अशी समजूत होती कीं, सजीवांच्या देहांत तयार होणारीं द्रव्यें कांहीं निराळ्याच शक्तीच्या प्रभावानें बनतात. प्रयोगशाळेंतल्या कांचेंत तीं बनविणें मनुष्याच्या आवांक्याबाहेरचें आहे. १८२८ सालीं फ्रीड्रिख व्हलर हा जर्मन रसायनज्ञ बर्लिनच्या एका औद्योगिक शाळेंत शिकवीत होता. अमोनियम सायनेट तयार करण्याच्या खटपटींत असतांना त्याच्या हातीं निराळेच स्फटिक आले, आणि ते निघाले यूरियाचे. म्हणजे प्राण्यांच्या मूत्रांत सांपडणाऱ्या द्रव्याचे. मूत्रपिंडाची मदत न घेतां यूरिया बनला. पुष्कळ पुस्तकांत अशी हकीकत दिलेली असते कीं, त्या एका दिवशीं जीवशक्तीची कल्पना कोसळून पडली. वस्तुस्थिति इतकी नाट्यमय नाहीं. व्हलरनें वापरलेलीं द्रव्यें मुळांत प्राणिज पदार्थांपासूनच आलेलीं आहेत असा आक्षेप त्या वेळीं घेतला गेला, आणि १८४५ सालीं कोल्बेनें ॲसेटिक ॲसिड, म्हणजे आंबलेल्या पदार्थांत आढळणारें आम्ल, निर्जीव द्रव्यांपासून पायरीपायरीनें तयार करून दाखविल्यावरही कित्येकांची जुनी श्रद्धा सुटली नाहीं. ती हळूहळू, प्रयोगामागून प्रयोग होऊनच विरली. वर्गांतल्या मुलांच्या मनांतूनही ती तशीच हळूहळू विरावी लागते. व्हलरचें नांव पाठ केल्यानें तें काम होत नाहीं.

प्रारंभ अर्थातच सोप्या वस्तूंपासून करावा. हळदीसारखा सोपा आणि परिचित पदार्थ दुसरा कोणता? सदऱ्यावर आमटी सांडली कीं पिवळा डाग पडतो; त्या डागावर साबण घासला कीं तो तांबडा होतो, आणि पाण्यानें खळबळला कीं पुन्हा पिवळा. हें प्रत्येक घरांत घडतें आणि प्रत्येक घरांत तें दुर्लक्षिलें जातें. जुन्या पद्धतीचें कुंकू हळदीपासूनच करीत. हळदीला चुन्यासारख्या अल्काचा स्पर्श झाला म्हणजे ती तांबडी होते, ही युक्ति आपल्याकडील बायकांना रसायनाच्या पुस्तकांपूर्वीं कित्येक पिढ्या ठाऊक होती. वर्गांत हळदीच्या पाण्यांत बुडवून वाळविलेल्या कागदाच्या पट्ट्या मुलांच्या हातीं द्याव्या, आणि चुन्याची निवळी, साबणाचें पाणी, लिंबाचा रस, ताक, खाण्याचा सोडा, साधें पाणी अशा वाट्या पुढें मांडाव्या. चुना व साबण तेवढे उठून दिसतात. खाण्याच्या सोड्यावर मुलांचें एकमत होत नाहीं. लिंबू, ताक आणि पाणी या तिन्हींत पट्टी पिवळीच राहते. तेव्हां एखादें चौकस मूल विचारतेंच कीं, मग लिंबू आणि पाणी हीं एकच कां? हा प्रश्न आला म्हणजे जास्वंदीचीं फुलें बाहेर काढावीं. पाकळ्या गरम पाण्यांत घालून काढलेला रंग लिंबानें गडद गुलाबी होतो आणि चुन्याच्या निवळीनें हिरवट; मध्यल्या पदार्थांच्या छटाही मध्यल्याच. हळदीला जें विचारतां येत नव्हतें तें जास्वंदीला विचारतां येतें. प्रत्येक दर्शकाची नजर ठराविक टप्प्यापुरतीच चालते, हा धडा मुलें या ठिकाणीं आपण होऊन शिकतात.

आम्लता मोजण्याचें जें माप आज सर्वत्र रूढ आहे, ज्याला पीएच म्हणतात, तें कोणत्या कामासाठीं निघालें हें पुष्कळांना ठाऊक नसतें. १९०९ सालीं डेन्मार्कच्या राजधानींत, कोपनहेगन येथें, कार्ल्सबर्ग या मद्यनिर्मात्यांच्या प्रयोगशाळेंत सोरेन्सेन हा शास्त्रज्ञ विकरांचा अभ्यास करीत होता. द्रावणाची आम्लता किंचित् बदलली कीं विकराचें काम मंदावतें किंवा थांबतें, हें त्याला नेमक्या आंकड्यांत सांगावयाचें होतें. त्यासाठीं त्यानें हें माप योजिलें. म्हणजे रसायनाच्या पुस्तकाच्या मध्यभागीं बसलेली ही संकल्पना जन्मानें जीवरसायनाची आहे. या मापांत एक घर खालीं उतरलें कीं आम्लता दसपट होते. माणसाच्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्टींत राहावा लागतो. तो तसा राहतो कसा, हें दाखविण्यासाठीं फार मोठी सामग्री लागत नाहीं. एका पेल्यांत नुसतें पाणी आणि दुसऱ्यांत अंड्याचा पांढरा बलक मिसळलेलें पाणी घेऊन दोन्हींत जास्वंदीचा रंग घालावा, आणि ड्रॉपरनें एकेक थेंब लिंबाचा रस टाकीत थेंब मोजावे. पाण्याचा रंग एकदोन थेंबांतच पालटतो. बलकाच्या पाण्यांत मात्र थेंबामागून थेंब पडले तरी तो बराच वेळ दाद देत नाहीं. सजीवांच्या देहांतील द्रव्यें आम्लाचा धक्का सोसून घेतात, हें वाक्य मग कोणाला पाठ करावें लागत नाहीं.

श्वसनाच्या प्रयोगालाही सामान पानवाल्याकडेच मिळतें. पानाला लावावयाचा चुना चिमूटभर घेऊन बाटलीभर पाण्यांत ढवळावा, रात्रभर राहूं द्यावा आणि वरची निवळी गाळून घ्यावी. तींत नळीनें श्वास सोडला कीं ती दुधासारखी होते. (श्वास सोडावयाचा, ओढावयाचा नाहीं, चुन्याची निवळी पोटांत जाणें बरें नव्हे, आणि ती डोळ्यांत उडणें तर मुळींच बरें नव्हे.) येथपर्यंतचा भाग सर्व पुस्तकांत असतो. परंतु मुलांना थांबा म्हणून सांगितलें नाहीं तर तीं फुंकतच राहतात, आणि मग एक चमत्कार घडतो: दुधाळ झालेली निवळी पुन्हा स्वच्छ होते! कर्बाम्लवायूनें, म्हणजे ज्याला हल्लीं सर्वत्र कार्बन डायॉक्साइड म्हणतात त्यानें, आधीं न विरघळणारा खडूसारखा पदार्थ बनविला; तोच वायु अधिक झाला तेव्हां त्या पदार्थापासून विरघळणारा बायकार्बोनेट बनला. चुनखडीच्या डोंगरांत पाणी गुहा कोरतें तें याच रीतीनें. मुलांना थांबवून ‘प्रयोग संपला’ म्हणणारा शिक्षक डोंगराच्या गुहेचें दार आपल्या हातानें लावून घेतो, असेंच म्हणावें लागेल.

त्याच निवळीची दुसरी वाटी मोड आलेल्या मटकीजवळ, घट्ट झांकणाच्या बरणींत रात्रभर ठेवावी. सकाळीं तिच्यावर पांढरी साय धरलेली असते. मोडाची मटकी उकडून, थंड करून तसेंच केलें तर निवळी जवळजवळ तशीच राहते. मटकी श्वास घेते, ही गोष्ट कित्येक मोठ्या माणसांनाही नवी वाटते. १७८३ सालच्या सुमारास लाव्हाझिए आणि लाप्लास यांनीं गिनीपिग नांवाचा लहान प्राणी बर्फानें वेढलेल्या भांड्यांत ठेवून, किती बर्फ वितळलें आणि किती कर्बाम्लवायु निघाला याचा मेळ घातला, आणि श्वसन हें एक प्रकारचें मंद ज्वलन आहे असा निष्कर्ष काढला. मायकेल फॅरडे यानें १८६०-६१ च्या नाताळांत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मुलांसाठीं मेणबत्तीवर जीं व्याख्यानें दिलीं, त्यांचा शेवटही मेणबत्तीचें जळणें आणि माणसाचा श्वास यांच्या साम्यानेंच केला होता. त्याच्यापुढें टेबलावर मेणबत्ती होती. मुलांपुढें ती असली पाहिजे.

वनस्पतींच्या बाबतींत आयोडीन पुन्हा उपयोगीं पडतें. जान इंगेनहाउस यानें १७७९ सालीं दाखविलें कीं, वनस्पतींचे हिरवे भाग प्रकाशांतच हवा शुद्ध करतात. पुढें १८६० नंतरच्या दशकांत युलियस झाक्स यानें प्रकाशांत पानामध्यें पिष्ट सांठतें हें सिद्ध केलें. हा प्रयोग करण्यासाठीं कुंडींतलें झाड एकदोन दिवस अंधारांत ठेवून त्याचीं पानें रिकामीं करावीं, एका पानाच्या मध्यावर काळ्या कागदाची पट्टी अडकवावी आणि झाड उन्हांत ठेवावें. मग पान तोडून उकळत्या पाण्यांत बुडवावें, स्पिरिटमध्यें त्याचा हिरवा रंग उतरवावा, धुवावें आणि आयोडीन टाकावें. कागदाखालचा भाग तपकिरी राहतो. भोंवतालचा काळानिळा होतो. उन्हाचें हें चित्र ज्यानें स्वतःच्या हातानें एकदां उमटविलें तो तें विसरत नाहीं.

यांत एक धोका आहे आणि तो स्पष्टपणें सांगितला पाहिजे. स्पिरिटचें पात्र ज्योतीवर कधींही ठेवूं नये. त्याची वाफ ज्योतीकडे धांव घेते आणि क्षणांत पेट घेते. त्यानें हात आणि चेहरे भाजतात. दिवा विझवून, आधीं तापविलेल्या पाण्याच्या भांड्यांत स्पिरिटची नळी उभी करावी. तेवढी ऊब पुरते. पुष्कळ शाळा अशा अपघाताच्या भीतीनें प्रयोगच बंद करतात आणि फळ्यावर पानाचें चित्र काढतात. ही भीति खोटी नाहीं. पण तिच्यावरचा उपाय गरम पाण्याचें भांडें हा आहे, फळा हा नव्हे. दिवा आधीं कां विझवावयाचा, हें ज्या मुलाला समजलें त्यानें बाष्पीभवनाचा एक धडा मुकाट्यानें शिकून घेतलेला असतो.

आतां ज्या प्रयोगांत जीव आणि रसायन हीं समोरासमोर उभीं राहतात त्याकडे वळावें. औषधांच्या दुकानांत जखम धुण्यासाठीं सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतें. तेनार या फ्रेंच रसायनज्ञानें १८१८ सालीं तें प्रथम तयार केलें. तें नळींत घेऊन त्यांत कच्च्या बटाट्याचा तुकडा टाकला कीं फेस वर येऊं लागतो. नळीच्या तोंडाशीं उदबत्तीचें नुसतें धुमसणारें टोंक नेलें कीं तें लखलखून उठतें. तेव्हां बाहेर पडणारा वायु प्राणवायु आहे हें मुलें स्वतःच सांगतात. आतां उकडलेल्या बटाट्याचा तुकडा टाकावा. कांहीं होत नाहीं. वर्गाचा निकाल ठरलेला असतो: कच्चा बटाटा जिवंत आहे, उकडलेला मेला. निकाल चटकन् पटण्यासारखा आहे, आणि तो चुकीचा आहे.

तो चुकीचा आहे हें शिक्षकानें सांगूं नये. त्यानें कच्चा बटाटा किसून, फडक्यांतून पिळून, नुसता रस नळींत टाकावयास द्यावा. पेशींचा चुराडा झाला आहे, गाळलेल्या रसाला जिवंत म्हणावयास कोणी धजणार नाहीं. तरी फेस येतोच. मग जिवंत काय होतें? येथें वर्गांत वादावादी सुरू होते, आणि ती होऊं द्यावी. हाच वाद युरोपांत मोठमोठ्या माणसांनीं कित्येक वर्षें घातला होता. किण्वन, म्हणजे साखरेचें मद्य होणें, हें जिवंत पेशींचेंच कार्य आहे असा लुई पाश्चर याचा आग्रह होता. तो १८९५ सालीं निवर्तला. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १८९७ सालीं, एडुअर्ट बुख्नर यानें यीस्ट वाळूबरोबर घोटून, दाबून तिचा पेशीविरहित रस काढला. तो रस टिकावा म्हणून त्यांत साखर घातली, तों त्याला बुडबुडे फुटूं लागले! पेशी नाहीं आणि किण्वन चालू आहे. या शोधाबद्दल त्याला १९०७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. फडक्यांतून पिळलेला बटाट्याचा रस हा बुख्नरच्या प्रयोगाचा गरीब भाऊ आहे.

त्या रसांत काम करणारें विकर म्हणजे कॅटॅलेज. तें एक प्रथिन आहे. उकडल्यावर अंड्याचा बलक जसा गोठतो तशी त्याचीही घडी मोडते, आणि घडी मोडली कीं काम थांबतें. त्याच पेरॉक्साइडमध्यें चिमूटभर मँगनीज डायॉक्साइडची काळी पूड टाकली तरी तसाच फेस येतो. मात्र ही पूड तासभर उकळली तरी तिचें काम चालूच राहतें, कारण तिला मोडण्यासारखी घडीच नाहीं. दगडाची पूड आणि बटाट्याचा रस एकच काम करतात, एक उकळण्यानें मरतो, दुसरी मरत नाहीं. निर्जीव आणि सजीव यांच्यामधील सीमा कोठून जाते, याचा विचार करावयास पंधरा वर्षांच्या मुलाला याहून चांगली जागा मिळणें कठीण.

अन्नघटकांच्या परीक्षा थोडक्यांत सांगतां येतील. मोरचुदाचें पातळ द्रावण आणि कॉस्टिक सोडा यांच्या योगानें प्रथिनाला जांभळा रंग येतो. डाळीचें पाणी, दूध, अंडें यांवर तो पाहावा, आणि कॉस्टिकची बाटली शिक्षकानें स्वतःच हाताळावी. बेनेडिक्टचें निळें द्रावण द्राक्षशर्करेबरोबर गरम केलें असतां हिरवें, पिवळें, नारिंगी आणि अखेर विटेच्या रंगाचें होतें. मधुमेही रोग्यांच्या मूत्राची परीक्षा कित्येक दशकें घरोघर याच द्रावणानें होत असे. मुलें मोठ्या उत्साहानें त्यांत घरची साखर टाकतात, आणि द्रावण निळेंच राहतें. ‘साखरेंत साखर नाहीं’ असा निष्कर्ष कोणी तरी काढतोच! त्या साखरेंत थोडें आम्ल घालून ती उकळावी, आम्ल सोड्यानें मारावें आणि मग परीक्षा घ्यावी, म्हणजे ऊंसाच्या साखरेचे दोन तुकडे कसे होतात हें वीटकरी रंगानेंच कळून येतें.

असे प्रयोग सर्वच शाळांतून होत असते तर हें सारें बोलण्याचें प्रयोजन उरलें नसतें. खेदाची गोष्ट अशी कीं, पुष्कळ ठिकाणीं प्रयोगवह्या प्रयोगाशिवायच भरतात. मागील वर्षाच्या हुशार मुलाची वही पुढच्या वर्षीं वर्गभर फिरते. निरीक्षण, अनुमान, निष्कर्ष हे तीन मथळे हिरव्या शाईनें लिहिले जातात, आणि ज्यानें परीक्षानळी हातांत धरली नाहीं त्याच्या वहींत ‘निळा रंग दिसला’ असें लिहिलेलें असतें. गुण त्यालाही मिळतात. यांत शिक्षकांना सरसकट दोष देणें अन्यायाचें होईल. वर्गांत साठ मुलें, तास लहान, नळ्या बारा आणि परीक्षा मार्चमध्यें, अशा स्थितींत वही भरून घेणें हाच अनेकांना एकमेव मार्ग दिसतो.

पण दुसरा मार्ग आपल्याच देशांत चालून दाखविला गेला आहे. १९७२ सालीं मध्यप्रदेशांतील होशंगाबाद जिल्ह्यांत, किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनीं सोळा माध्यमिक शाळांतून प्रयोगांवर आधारलेलें विज्ञान शिकविण्यास आरंभ केला. १९७८ पासून तो उपक्रम जिल्ह्यांतील सर्व माध्यमिक शाळांत पसरला, आणि १९८२ सालीं स्थापन झालेल्या एकलव्य या संस्थेनें पुढें त्याची धुरा वाहिली. खेड्यांतल्या शाळा, स्वस्त आणि स्थानिक सामान, चार-चार मुलांची टोळी, आणि परीक्षेला पुस्तक उघडें ठेवून बसण्याची मुभा; शिवाय लेखी परीक्षेच्या जोडीला प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षा. २००२ सालीं शासनाच्या निर्णयानें हा उपक्रम बंद झाला. बंद होण्यापूर्वीं तो तीस वर्षें चालला होता, हें मात्र ‘आपल्याकडे हें शक्य नाहीं’ म्हणणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

अशा वर्गांत खरी कसोटी लागते ती प्रयोग फसतो तेव्हां. लाळेचा प्रयोग घ्यावा. तांदळाची पातळ पेज गाळून नळींत घ्यावयाची, तींत ज्याची त्यानें आपली लाळ मिसळावयाची, नळी मुठींत धरून कोमट ठेवावयाची, आणि दर मिनिटाला एक थेंब काढून पांढऱ्या बशींतल्या आयोडीनमध्यें टाकावयाचा. पहिला थेंब गर्द निळा, मग जांभळा, मग तांबूस, आणि अखेर आयोडीनचा मूळचा पिवळसर रंग, पिष्ट संपलें. उकळून गार केलेल्या लाळेच्या नळींत निळा रंग शेवटपर्यंत टिकतो. ज्या घरांत लहान बाळासाठीं मोड आलेल्या नाचणीचें सत्त्व करतात, तेथील बायकांना हीच गोष्ट निराळ्या रूपानें ठाऊक असते: मोडाच्या नाचणीची पेज नुसत्या नाचणीच्या पेजेपेक्षां पातळ होते, कारण मोडांत तयार झालेलें विकर पिष्टाच्या लांब सांखळ्या तोडून टाकतें.

आतां कल्पना करावी कीं, अशा वर्गांत एका मुलीच्या बशींत पहिल्याच मिनिटाला रंग नाहींसा झाला. निळा नाहीं, जांभळा नाहीं, आयोडीनचा स्वतःचा पिवळा रंगसुद्धां नाहीं; थेंब पाण्यासारखा स्वच्छ. शेजारच्या मुलींना तिच्या लाळेचा हेवा वाटतो. पुस्तकांत ‘रंग नाहींसा होतो’ एवढेंच लिहिलें आहे, तेव्हां तिचें उत्तर सर्वांआधीं आलें आणि बरोबर आलें. पूर्ण गुण देऊन पुढें जाण्यास कांहींच हरकत नव्हती. परंतु तिनें स्वतःच्या वहींत ‘पिवळा रंगही गेला’ असें लिहिलें आहे, आणि तें लिहून ती पेन्सिल चावीत बसली आहे.

शिक्षक विचारतो, ‘मधल्या सुट्टींत काय खाल्लेंस?’

‘आवळा, सर. अजून गालांत आहे.’

वर्गांत हंशा पिकतो. शिक्षक मात्र तिलाच सांगतो कीं, बशींतल्या त्या स्वच्छ थेंबांत आणखी आयोडीन टाक. एक थेंब विरून जातो. दुसराही विरतो. तिसऱ्याला कडेनें निळसर झांक येते आणि चौथ्याला सगळा थेंब गर्द निळा होतो. पिष्ट तेथेंच होतें. कोणीं त्याला हात लावलेला नव्हता. आवळ्यांतील क जीवनसत्त्वानें आयोडीनचेंच आयोडाइड करून टाकलें होतें, आणि आयोडाइडला पिष्टाशीं कांहीं देणेंघेणें नसतें. शिवाय आवळ्याच्या आंबटपणानें तिच्या लाळेंतील विकराचें कामही रोखून धरलें असणार. उत्तर बरोबर दिसत होतें, आणि त्याचें कारण मात्र सर्वस्वीं निराळें होतें.

तास संपत आलेला असतो. तिनें वहींतला पहिला निष्कर्ष खोडला नाहीं. त्याखालीं रेघ ओढून दुसरा लिहिला. मागच्या बांकावरून कोणी तरी विचारतो कीं, आवळ्याच्या रसाला किती थेंब लागले आणि लिंबाला किती लागतील, हें मोजतां येईल कां? मोजतां येतें, असें शिक्षक सांगतो. दुसऱ्या दिवशीं पेरू कोणीं आणावयाचे आणि लिंबें कोणीं, हें घंटा वाजेपर्यंत ठरलेलें असतें.